पेशी बदलतात त्या कशामुळे?

नमस्कार श्रोतेहो.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली, काही दिवसांनी रिपोर्ट हाती आला आणि त्यात पेशी ‘अॅबनॉर्मल’ आहेत असं लिहिलेलं दिसलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे कॅन्सर का? बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘नाही’ असं असतं आणि जीव भांड्यात पडतो. मग दुसरा प्रश्न येतो, जरा खालच्या आवाजात. मला हे झालं कशामुळे? काही जणी तो विचारतही नाहीत, मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावून घेतात. आजचं बोलणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यासमोर येते ती काच आणि तिच्यावर पसरलेल्या पेशी. बाईचा चेहरा क्वचितच दिसतो. त्यामुळे बोलताना पेशींकडे जरा झुकतं माप पडेल, तेवढं चालवून घ्या.

आधी जागा समजून घेऊ, कारण इथे जागेवर फार काही अवलंबून आहे. गर्भाशयाची पिशवी खाली निमुळती होत योनिमार्गात उघडते. हा खालचा भाग म्हणजे गर्भाशयमुख, बोलताना आपण पिशवीचं तोंड म्हणतो ते. त्याच्या बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे थरावर थर असतात, घासलं-पुसलं तरी सोसणारे. आतल्या अंगाला मात्र उभट पेशींचा एकच थर, नाजूक, चिकट स्राव तयार करणारा. दोन शेतांच्या मध्ये बांध असावा तशी या दोन्हींची एक हद्द असते. फक्त हा बांध आयुष्यभर सरकत राहतो. वयात येताना आणि गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, तेव्हा आतल्या नाजूक पेशी बाहेर येतात. योनिमार्गातलं वातावरण आम्ल. ते त्यांना मानवत नाही. मग हळूहळू त्यांच्या जागी चपट्या पेशींचा नवा थर तयार होतो. पाळी जाण्याच्या सुमारास हीच हद्द उलटी फिरते आणि आत सरकते. हे सगळं नैसर्गिक आहे, प्रत्येकीत होतं. पण जिथे असा बदल चालू असतो तिथल्या पेशी कच्च्या असतात, आणि गर्भाशयमुखाचे बहुतेक बिघाड याच सरकत्या पट्ट्यात सुरू होतात. तपासणीच्या वेळी छोटा ब्रश किंवा चपटी काडी फिरवतात ती इथेच.

आता या कच्च्या पेशींना बिघडवतं कोण? याचा शोध लागायला फार काळ गेला, आणि त्या काळात बायकांच्या वाट्याला पुष्कळ बोलणी आली. १८४२ साली इटलीतल्या वेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १७६० ते १८३९ या वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या. त्यांना दिसलं की गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या आणि विधवा बायकांमध्ये जास्त आहे, अविवाहित आणि मठातल्या संन्यासिनींमध्ये कमी. शरीरसंबंधाशी याचा काही धागा आहे, हे त्यातून कळलं. पण धागा कोणता, ते कळेना. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्या रिकाम्या जागी ज्याला जे सुचेल ते भरलं गेलं, आणि ते बहुतेक वेळा बाईच्या चालचलणुकीबद्दल होतं. १९७०च्या आसपास नागिणीच्या कुळातल्या एका विषाणूवर, जननेंद्रियाच्या हर्पीसवर, संशय होता. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांना तो पटत नव्हता. चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या कुळात ते शोधत राहिले. १९८३ साली त्यांच्या गटाला कॅन्सरच्या पेशींत एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी एचपीव्ही १८. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. कित्येक नुसते हातापायांवर चामखीळ उठवतात. जननेंद्रियांच्या भागात राहणारे साधारण चाळीस, आणि त्यांतले बारा-चौदा कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे. त्यांतही १६ आणि १८ हे दोघे मिळून जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत. ६ आणि ११ नंबरचे जननेंद्रियांवर मस उठवतात. दिसायला ते भयंकर, पण कॅन्सरच्या बाबतीत गरीब. जे डोळ्यांना दिसतं तेच धोक्याचं, हा हिशेब इथे साफ चुकतो. धोक्याचे प्रकार वर्षानुवर्षं काहीही न दाखवता बसून राहतात. खाज नाही, दुखणं नाही, पांढरं पाणी नाही.

संबंधाच्या वेळी त्वचेला जे सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यांतून हा विषाणू सर्वांत खालच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतो. नव्या पेशी तयार होतात त्या याच थरात. त्यात शिरला की पेशी वर सरकताना तोही वर सरकतो आणि आपल्या प्रती काढतो. मायक्रोस्कोपखाली अशी पेशी ओळखायला शिकणं हा आमच्या शिक्षणातला एक आनंदाचा भाग असतो: केंद्रक सुरकुतलेलं, मनुक्यासारखं, आणि त्याच्याभोवती मोकळं, स्वच्छ वलय. ती दिसली की विषाणू येऊन गेलाय किंवा अजून आहे, एवढं सांगता येतं. हा बदल सौम्य समजतात. रिपोर्टमध्ये ‘एलसिल’ किंवा ‘लो ग्रेड’ असं लिहून येतं ते बहुधा हेच.

धोक्याच्या प्रकारांकडे दोन प्रथिनं असतात, ई-६ आणि ई-७. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे दोन पहारेकरी आपल्या प्रत्येक पेशीत असतात, पी-५३ आणि आरबी. ई-६ पहिल्याला संपवतं, ई-७ दुसऱ्याला निकामी करतं. मग पेशी थांबायचं तिथे थांबत नाही, मरायचं तेव्हा मरत नाही आणि चुका साठत जातात. याचा पुरावा एका वेगळ्याच ठिकाणी सापडला. १९५१ साली अमेरिकेत हेनरिएटा लॅक्स नावाच्या बाईंचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मृत्यू झाला. त्यांच्या गाठीतल्या पेशी, त्यांना न विचारता घेतलेल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ निघाला. आणि इतक्या दशकांनंतर या पेशींतली ई-६ आणि ई-७ बंद पाडली, तर पेशींनी वाढायचं सोडलं. म्हणजे विषाणू नुसती सुरुवात करून बाजूला झाला नव्हता, शेवटपर्यंत गाडी तोच हाकत होता.

हे ऐकून घाबरायला होईल, म्हणून आता दुसरी बाजू. एचपीव्ही हा इतका पसरलेला विषाणू आहे की शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. आणि दहातल्या साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप हटतो किंवा इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. विषाणू आला म्हणजे कॅन्सर येणार, हे खरं नाही. बाईला विचारायचा प्रश्न ‘तुला हा आला कुठून’ असा नसतो. प्रश्न असतो तो हा: सगळ्यांच्या शरीरातून जातो, मग हिच्या शरीरात का टिकला? धोके वाढवणाऱ्या ज्या गोष्टी डॉक्टर मोजतात, त्या जवळजवळ सगळ्या या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

त्यात पहिलं म्हणजे विषाणूचा प्रकार. त्यावर आपला काही इलाज नाही; १६ नंबर हटायला सगळ्यांत हट्टी.

दुसरं, प्रतिकारशक्ती. मघाशी सांगितलेलं २००८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून दिलं होतं. अर्धं त्सुर हाउझेन यांना आणि अर्धं एचआयव्ही शोधणाऱ्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना. योगायोग असेल, पण हे दोन विषाणू एकत्र आले की फार नुकसान करतात. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सहापट असतो. प्रतिकारशक्ती धड असेल तर लागण ते कॅन्सर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. ती कमजोर असेल, उपचार नसतील, तर ५ ते १० वर्षांतही तो पुरा होऊ शकतो. म्हणून एचआयव्ही असलेल्यांनी तपासणी २५व्या वर्षापासूनच आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाकीच्यांसाठी सुरुवात तिसाव्या वर्षी आणि एचपीव्ही तपासणी दर पाच ते दहा वर्षांनी. किडनी किंवा दुसरा अवयव बसवलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्या बायकांनीही आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न मुद्दाम विचारावा. त्या दुसऱ्या आजाराच्या धावपळीत हे राहूनच जातं.

तिसरं, तंबाखूचा धूर. सिगारेटचा आणि पिशवीच्या तोंडाचा काय संबंध, असं पुष्कळांना वाटतं. संबंध सरळ आहे. धुरातली रसायनं रक्तातून सगळीकडे जातात. सिगारेट ओढणाऱ्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात निकोटिन आणि कॅन्सरजनक द्रव्यं प्रत्यक्ष सापडलेली आहेत. परक्या जंतूंना हेरणाऱ्या पेशी तिथल्या आवरणात असतात, त्याही धुराने कमी होतात. म्हणजे एकीकडे पेशीच्या गुणसूत्रांना इजा आणि दुसरीकडे पहारा ढिला. चपट्या पेशींच्या कॅन्सरचा धोका यामुळे साधारण दीडपट होतो. यातल्या बऱ्याचशा गोष्टी आपल्या हातात नसतात, ही मात्र आहे, आणि सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो.

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल जरा सावकाश बोलते, कारण या विषयात अर्धवट माहितीने फार घोळ होतो. पाच वर्षांहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, गोळ्या चालू असेपर्यंत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसतो, कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. गोळ्या बंद केल्या की तो उतरू लागतो आणि दहाएक वर्षांत इतरांसारखा होतो. याच गोळ्यांमुळे बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हेही तितकंच पक्कं आहे. तेव्हा ही बातमी ऐकून गोळ्या फेकून देऊ नका. तपासणी वेळेवर करा आणि गोळ्यांचं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पुष्कळ बाळंतपणं, पहिलं बाळंतपण फार लहान वयात होणं, यानेही धोका वाढतो. गरोदरपणात तो सरकता पट्टा बाहेर येतो आणि संप्रेरकं बदलतात, हे त्यामागचं एक कारण असावं. कोवळ्या वयात शरीरसंबंध सुरू झाले तर धोका वाढतो तो याच पट्ट्यामुळे: त्या वयात तो मोठा असतो आणि तिथे पेशी झपाट्याने बदलत असतात. क्लॅमिडिया नावाच्या जंतूची जोडीला लागण असली तरी एचपीव्ही जास्त टिकतो असं दिसतं. क्लॅमिडियाही बहुधा गुपचूप असतो. त्याच्यावर साधी अँटिबायोटिकं चालतात.

एक वेगळंच कारण, नियमाला अपवाद म्हणून. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९४०च्या दशकापासून गर्भपात टाळण्यासाठी म्हणून गरोदर बायकांना दिलं जायचं. १९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते घेतलेल्या आयांच्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा आणि गर्भाशयमुखाचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय. आईच्या पोटात असताना मिळालेलं औषध आणि बिघाड वीस वर्षांनी. आज हे औषध गरोदरपणात कुणी देत नाही.

आता जोडीदारांची संख्या. ती वाढली की विषाणूशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण हे वाक्य इथेच थांबवलं तर अन्याय होतो. जन्मात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही एचपीव्ही होऊ शकतो. जोडीदाराचा पूर्वीचा एखादा संबंध पुरेसा असतो, आणि त्यालाही त्याचा पत्ता नसतो. त्यातून हा विषाणू दबून बसतो आणि वर्षांनी पुन्हा सापडतो. आज तपासणीत आला म्हणजे गेल्या सहा महिन्यांत लागला, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि माझ्या काचेवर तर तारीख मुळीच उमटत नाही. रिपोर्ट हातात घेऊन घरात उलटतपासणी सुरू करणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तो कागद त्या कामाचा नाही. कंडोममुळे धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण झाकलेल्या भागाबाहेरच्या त्वचेतूनही विषाणू लागतो.

काही गोष्टींवर विनाकारण आळ येतो. टॉयलेटच्या सीटमुळे, स्वच्छता कमी पडल्यामुळे किंवा मनावर ताण आल्यामुळे पेशींत असे बदल होतात, असं नाही. उलट योनिमार्ग आतून औषधी पाण्याने धुण्याची सवय असेल तर ती सोडलेली बरी. तिथले उपयोगी जंतू त्यात जातात. शिवाय रिपोर्टमधला प्रत्येक फरक एचपीव्हीचाच असतो असंही नाही. बुरशीची किंवा ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची लागण, सूज, तांबी, पूर्वी घेतलेले रेडिएशन, यांनीही पेशींचं रूप बदलतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन आवरण पातळ पडतं, तेव्हा पेशी अशा काही दिसतात की आम्हालाही दोनदा बघावं लागतं. ‘अॅस्कस’ हा शेरा त्यातूनच येतो: काहीतरी वेगळं दिसतंय, पण नक्की नाव देता येत नाही. एचपीव्हीची तपासणी केली की बहुधा गुंता सुटतो.

मग कुठल्या बदलाची काळजी करायची? बायोप्सीत, म्हणजे छोटा तुकडा घेऊन केलेल्या तपासणीत, बदल तीन पायऱ्यांत मोजतात: सिन १, सिन २, सिन ३. पहिल्या पायरीवरचे बहुतेक बदल आपोआप जिरतात, म्हणून त्यावर सहसा नुसतं लक्ष ठेवतात; विशेषतः ज्यांना पुढे मूल हवंय त्यांच्या बाबतीत घाईने बिघडलेला भाग कापून काढणं टाळतात, कारण त्याने पुढचं बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता थोडी वाढते. सिन ३ची गोष्ट वेगळी. ती किती वेगळी, हे आपल्याला फार वाईट मार्गाने कळलं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ पासून काही वर्षं अशा बायकांना पुरता उपचार न देता फक्त पाहत राहिले. आपल्यावर काय चाललंय ते त्यांतल्या पुष्कळ जणींना सांगितलंच नव्हतं. १९८७ साली दोन लेखिकांनी ते चव्हाट्यावर आणलं आणि सरकारी चौकशी झाली. २००८ मध्ये त्या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: अपुरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. मला या दोन आकड्यांमधली दरी कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठी वाटते. आणि तो उपचार म्हणजे बहुधा काय, तर तेवढ्या जागेपुरती भूल देऊन तारेच्या कडीने बिघडलेला तेवढा भाग काढणं, नाहीतर तो गोठवणं किंवा उष्णतेने जाळणं. त्याच दिवशी घरी.

याच कारणाने, धोके मोजताना मी तपासणी न होण्यालाही एक धोका धरते. २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला, साडेतीन लाख गेल्या, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येची एकदाही तपासणी झालेली नव्हती. लाजेपायी जमत नसेल तर एचपीव्हीच्या तपासणीसाठी नमुना आता स्वतःचा स्वतःलाही घेता येतो. लस २००६ पासून आहे. ९ ते १४ वर्षांच्या वयात, संबंध सुरू होण्याआधी दिली तर तिचा सगळ्यांत जास्त फायदा. आधीच झालेली लागण ती घालवत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनाही पुढे तपासणी चुकत नाही.

आणि सिन २ किंवा ३चा उपचार झालेल्यांसाठी एक गोष्ट. ‘काढून टाकलं, संपलं’ असं धरू नका. तुमचा धोका पुढची कमीत कमी २५ वर्षं इतरांपेक्षा जास्त राहतो, आणि तेवढी वर्षं ठरलेल्या अंतराने तपासणी लागते. या कारणासाठी पिशवी काढलेली असली तरीही लागते, कारण योनिमार्गाच्या वरच्या टोकाला तेच बदल होऊ शकतात. मात्र उपचार झालेला असो वा नसो, संबंधानंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं किंवा पाळी बंद झाल्यावर अंगावरून पुन्हा लाल गेलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. मागचा रिपोर्ट चांगला होता म्हणूनही थांबायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

नमस्कार.